वैजूला, परत फुगलेल्या चट्ट्याबद्दल

प्रिय वैजू,

रागावली असशील तर आधी रागावून घे, मग पुढं वाच. फोन करता आला असता, पण फोनवर तू मधेच तोडतेस आणि हे मला सलग सांगायचंय. तब्येत ठीक. बीपीची गोळी चालू, साखर काठावर, चष्म्याचा नंबर वाढला. झालं.

एका पेशंटनं झोप उडवलीय. युनिटमधली पोरं हुशार आहेत, पण गाइडलाइनच्या पलीकडचं काही विचारलं की माझ्याकडं दयेनं बघतात. राहिलीस तू.

चाळिशीतला माणूस. कुष्ठरोग. बॉर्डरलाइन, म्हणजे दोन टोकांच्या मधला, आणि मल्टिबॅसिलरी, म्हणजे बरेच जंतू असलेला. बारा महिन्यांची एमडीटी, म्हणजे अनेक औषधांचा एकत्र कोर्स, एकही डोस न चुकवता घेतलेली, ती संपून दोन वर्षं झाली. चट्टे इतके मावळले होते की जुन्या फोटोंशिवाय जागा सापडली नसती. आणि आता गालावरचा नि दंडावरचा, दोन्ही पुन्हा लालबुंद. गालावरच्याची कड डोळे मिटूनही बोटाला लागते. कोपरामागची अल्नर नर्व्ह दोरीसारखी जाड. दाबली तसा त्यानं श्वास रोखला. नायलॉनच्या धाग्यानं करंगळीची संवेदना बघत होते. डोळे मिटायला सांगितले, तर हा दर वेळी "हो, कळलं" म्हणतोय. मी धागा लावलाच नव्हता तेव्हासुद्धा! मला बरं वाटावं म्हणून. शेवटी म्हटलं, बोलू नका, दुसऱ्या हातानं जागा दाखवा. मग त्याचं बोट नुसतंच हवेत फिरत राहिलं.

नंतर विचारतो, "मॅडम, औषध पूर्ण घेतलं होतं ना मी?"

रिअ‍ॅक्शन (जुन्या जंतूंवर शरीरानंच घेतलेला भडका) की रिलॅप्स (जिवंत जंतूंसकट परतलेला आजार), एवढाच प्रश्न. विद्यार्थ्यांसाठी फळ्यावर दोन रकाने पाडते मी दर वर्षी. रिअ‍ॅक्शन अचानक येते, जुनेच चट्टे पेटतात, नस दुखते. रिलॅप्स सावकाश, उशिरा, नवे चट्टे घेऊन. या माणसाच्या अंगावर दोन्ही रकाने आहेत. जुने चट्टे पेटलेत, नस दुखतेय. पण मधे दोन वर्षं गेलीत, आणि पाठीवर एक बारका चट्टा आहे जो जुन्या कुठल्याच फोटोत नाही. तो लाल नाही, दुखत नाही. गप्प आहे.

दोन्हीकडून बायोप्सी घेतली. दंडाचा तुकडा पुस्तकात छापावा असा: एपिथेलिऑइड पेशींचा ग्रॅन्युलोमा, म्हणजे लढाऊ पेशींचा गोळा, भोवती लिम्फोसाइट, मधे सूज इतकी की पेशी एकमेकींपासून सुटलेल्या. जंतू रंगवणाऱ्या फाइट स्टेनमध्ये ते जेमतेम, तेही तुटके, कणाकणांचे. म्हणजे मेलेले. पाठीचा तुकडा मात्र वेगळ्याच माणसाचा वाटावा. लिम्फोसाइट तुरळक, जंतू गिळणारे मॅक्रोफेज काहीसे फेसाळ, आणि ऑइल इमर्शनखाली दोन-तीन जंतू अखंड वाटतात. वाटतात! तुझा तो कुत्सित हुंकार मला इथंपर्यंत ऐकू आला.

हो, आठवतंय. तुझं म्हणणं होतं की मी जंतू मोजत बसते, चट्टा जंतूंचा नसतोच, तो पेशींच्या आपसातल्या बोलण्याचा असतो. आणि मी म्हणायचे, स्लाइडवर दिसत नाही ते मी मानत नाही. त्यावरून आपण एकमेकींशी बोलणं टाकलं होतं आणि गुरुजींना निरोप्याचं काम करावं लागलं होतं. मग १९९१ साली तू मोडलिनच्या गटाच्या पेपरची झेरॉक्स माझ्या मायक्रोस्कोपच्या स्टेजवरच आणून ठेवलीस. स्टेजवर! ट्यूबरक्युलॉइड, म्हणजे जंतू जेमतेम असलेल्या, चट्ट्यात इंटरल्यूकिन-२ आणि इंटरफेरॉन-गॅमा हे पेशींचे निरोप, जंतूंनी भरलेल्या लेप्रोमॅटसमध्ये इंटरल्यूकिन ४, ५ आणि १०. जंतू एकच, पेशी काय बोलतात त्यावर चट्टा ठरतो. तेव्हा मी हरले, मान्य. पण इंटरफेरॉन म्हणजे सगळे सज्जन, असं तू सांगत फिरायचीस ना? २०१३ साली त्यांच्याच गटानं दाखवलं की लेप्रोमॅटस चट्ट्यात इंटरफेरॉन-बीटा इंटरल्यूकिन-१० ला उठवतो आणि गॅमानं व्हिटॅमिन डीच्या वाटेनं चालवलेली जंतू मारायची यंत्रणा बंद पाडतो. तेव्हा तू फोनवर विषय बदललास. मी विसरलेले नाही.

असो. घोर असा आहे. दंडावर काय चाललंय ते तुला सांगायला नको: मेलेल्या जंतूंचे तुकडे वर्षानुवर्षं पेशींत पडून असतात, त्यांच्या लायपोप्रोटीननं टीएलआर-२ हा पेशीचा पहारेकरी चाळवतो, जनुकं चालू करणारा एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतो, टीएनएफ हा सूज आणणारा निरोप सुटतो, गॅमा आणखी मॅक्रोफेज चेतवतो. लढाई जिंकल्यावर चाललेला गोळीबार. आणि तो नसेच्या आत चाललाय, जिथं सुजायला जागाच नाही. नस वाचवायची तर हे बोलणं आत्ता तोडायला हवं, कारण सहा महिन्यांच्या आत धरली तर संवेदना परत यायची आशा असते, पुढं ती घटत जाते. म्हणून प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, ४० मिलिग्रॅम चालू केलं त्याच दिवशी. यात मला शंका नव्हती, आजही नाही.

पण ती गोळी दंडावर थांबते थोडीच! ती पाठीवरही पोचते. तिथल्या पेशी आधीच मुक्या. त्या इंटरल्यूकिन-१० च्या अंमलाखाली असतील, आणि ते दोन-तीन जंतू खरंच जिवंत असतील, तर उरलासुरला आवाजही मीच बंद केला. एकाच माणसाच्या कातडीवर, वीतभर अंतरावर, एका ठिकाणी पेशी किंचाळतायत आणि दुसऱ्या ठिकाणी तोंड उघडत नाहीत, आणि माझ्याकडं दोघांसाठी औषध एकच: गप्प बसा.

पोरं म्हणतात, मॅडम, सोबत एमडीटी पुन्हा सुरू करून टाका, विषय संपला. वाईट सल्ला नाही. बहुधा तेच करीन. पण एमडीटी देताना त्या माणसाला काय सांगू? की तुमचा आजार परतलाय? त्यानं घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पुन्हा वर्षभर गोळ्या लपवायच्या, त्यातल्या क्लोफाझिमिननं काळवंडणाऱ्या चेहऱ्याची कारणं शोधायची. आणि रिलॅप्स असेल तर एमडीटीतल्या रिफाम्पिसिनला जंतू दाद देतात का, हाही प्रश्न आलाच. त्या तपासणीला नमुना गेलाय, उत्तर यायचंय. हा जंतू बशीत वाढत नाही, उंदराच्या तळपायात वाढवायचा तर कित्येक महिने. दुप्पट व्हायलाच त्याला दोन आठवडे लागतात. सरकारी फाइलसुद्धा याच्यापुढं चपळ.

गेल्या आठवड्यात तो येऊन गेला. गालाची कड बसलीय. करंगळीच्या मुंग्या कमी आहेत आणि या वेळी त्यानं धाग्याची जागा बरोबर दाखवली, निदान बहुतेक वेळा. म्हणजे रिअ‍ॅक्शन होतीच. पाठीवरचा चट्टा जसाच्या तसा. त्यानं तो कधी पाहिलेलाच नाही, पाठ कोण बघतं स्वतःची. मी मोबाइलवर फोटो काढून दाखवला तर म्हणाला, "हा माझा नाही वाटत."

आपला तो पहिला ईएनएलचा, त्या दुसऱ्या तऱ्हेच्या रिअॅक्शनचा, पेशंट आठवतो? तापानं फणफणलेला, अंगभर दुखऱ्या गाठी, चादरीचा स्पर्श सहन होत नव्हता. थॅलिडोमाइडनं दोन दिवसांत उठून बसला आणि तू राउंडमध्ये सगळ्यांना शेस्किनची गोष्ट ऐकवलीस: जेरुसलेममध्ये त्यानं झोप यावी म्हणून ते दिलं आणि गाठीच विरल्या, टीएनएफचं कारण कित्येक वर्षांनी कळलं. मॅडम कंटाळून पुढच्या खाटेवर निघून गेल्या तरी तू थांबली नाहीस. तेव्हा आपल्याला वाटलेलं, एकदा कुठला निरोप ते कळलं की उपाय सोपा. तुला वाटलेलं, मला नाही. हेही नोंदवून ठेवते.

तुझं काय चाललंय? घर बदललंस असं बंड्याकडून कळलं, नवा पत्ता कळव. लेकीचं ते प्रकरण मिटलं का? भावाचं ऑपरेशन नीट झालं ना? आणि निवृत्तीनंतर लॅबमध्ये जाऊ देतात म्हणे तुला अजून. बिचारे.

तर काम हे. दोन्ही तुकड्यांचे ब्लॉक माझ्याकडं आहेत. पाठीच्या तुकड्यात मेसेंजर आरएनए, म्हणजे पेशींनी लिहिलेले ते निरोप, शाबूत असेल तर गॅमा आणि इंटरल्यूकिन-१० दोन्ही मोजून बघशील? दंडाचाही सोबत लाव, तुलनेला. याच्या आकड्यावरून उपचार ठरवायचा असं कुठल्याही मार्गदर्शक सूचनेत नाही, हे मला भाषण न देता कळतं. उपचार मी नसेकडं आणि रिफाम्पिसिनच्या उत्तराकडं बघूनच ठरवीन. पण त्या गप्प चट्ट्यात काय चाललंय ते मला हवंय, आणि ते स्लाइडवर दिसत नाही. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा लिहून मिळणार नाही.

फॉर्मॅलिनमध्ये तुकडा किती तास होता ते विचारशीलच: एक रात्र, जास्त नाही. काप तू काढणार की मी काढून पाठवू, आणि किती मायक्रॉनचे, एवढं लगेच कळव. पुढच्या सोमवारी तो पुन्हा यायचाय.

तुझी,
माधवी