उंदरांची बातमी आणि दारूचा ग्लास

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात फॅटी लिव्हर (म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठणं) आणि उंदरांच्या जीनमधले (जनुकांमधले) बदल ही बातमी वाचली, असा विषय घेतलात त्याबद्दल मनापासून आभार. पण सोबत फोटो कसला लावलात, सुटलेल्या पोटाचा माणूस आणि हातात दारूचा ग्लास! अख्ख्या बातमीत दारूचं नाव नाही, मग तो ग्लास कुठून आला?

एवढं लागलं त्याला कारण आहे. माझा थोरला दादा माळकरी, अंगाने काडी, दारूचा थेंब कधी तोंडात गेलेला नाही. तीन वर्षांपूर्वी सोनोग्राफीत ग्रेड टू, म्हणजे मधल्या पातळीचं, फॅटी लिव्हर निघालं आणि डॉक्टरांनी रिपोर्टमधून मान वर न करता विचारलं, रोज किती घेता? वहिनी शेजारीच बसलेली. दादाने गळ्यातली माळ दाखवली तर म्हणाले, सगळे असंच सांगतात. ती गोष्ट भावकीत कशी पोचली देव जाणे, लग्नात लोक बाजूला घेऊन विचारायला लागले आणि त्या आषाढात दादा वारीला गेलाच नाही, दिंडीतल्या लोकांना तोंड कसं दाखवू म्हणाला.

म्हणून मी यावर मिळेल ते वाचत असते. अमेरिकेत डॅलसमध्ये हेलन हॉब्स आणि जोनाथन कोहेन या संशोधकांच्या टीमला २००८ मध्ये पीएनपीएलए३ नावाच्या जीनमधला एक बदल सापडला, त्या जीनवरून बनणाऱ्या प्रोटीनच्या माळेतला १४८ नंबरचा एकच मणी, म्हणजे अमिनो आम्ल, बदललेलं, आणि तो बदल असलेल्या माणसांच्या लिव्हरमध्ये चरबी जास्त. मग उंदरांमधून तो जीनच काढून टाकून बघितला तर लिव्हरला काही झालं नाही. पण तोच एक बदल उंदरांच्या जीनमध्ये बसवला तेव्हा खरं कळलं, साध्या खाण्यावर ते उंदीर ठीक होते आणि भरपूर साखरेचं खाणं दिल्यावर लिव्हरमध्ये चरबी साठली. बदललेलं प्रोटीन चरबीच्या थेंबांवर साचून बसतं, हटत नाही. तुमच्या बातमीत साखरेचा उल्लेखच नाही, तीच तर आमच्या घराच्या कामाची गोष्ट!

दादाची जीनची टेस्ट केलेली नाही, त्यामुळे त्याच्यात तो बदल आहेच असं मी म्हणत नाही. पण त्याला काय सांगितलं, तर तेल-तूप बंद. भाकरीवरचं तूप गेलं आणि दिवसाला आठ कप गोड चहा तसाच चालू राहिला, त्याबद्दल कुणी ब्र काढला नाही, अगदी आम्हीसुद्धा नाही. आता बिनसाखरेचा घेतो, तोंड वाकडं करून का होईना पण घेतो.

आणि अजून एक, त्याच पानावर खाली ‘सात दिवसांत लिव्हर साफ’ म्हणून काढ्याची जाहिरात आहे. वहिनीने असाच एक काढा मागवला होता, तीन महिने दादाने घेतला, पुढची सोनोग्राफी जशीच्या तशी. बातमीच्या पानावर तरी असल्या जाहिराती घेऊ नका आणि त्या फोटोबद्दल दोन ओळींचा खुलासा छापा, दादा तुमचा पेपर रोज वाचतो.

– एक वाचक, कराड