दगडाची राहुटी

सोलापूर

चि. स्नेहल हिस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. गुडघा ठीक आहे, काळजी करू नकोस.

लंडनमध्ये तू पुष्कळ दाखवलंस, पण इथे आल्यापासून मी सगळ्यांना मॉर्टलेकचंच सांगतोय. चर्चमागच्या त्या लहानशा कबरस्तानात, सगळ्या क्रुसांच्या मधोमध, अरबांची राहुटी उभी! अठरा फूट उंच आणि सगळी दगडाची. चाळीस वर्षं मी मांडव घातले. गड्ड्याच्या जत्रेत घातले, लग्नांत घातले, वैशाखाच्या वावटळीत उडालेल्या कनाती शेतातून गोळा करून आणल्या. कापड कुठे ताणतं आणि कुठे झोळ धरतं, ते माझ्या हातांना कळतं. त्या पाथरवटाने दगडात झोळ बरोबर पाडलाय गं. वरून सुटलेल्या चुण्या खाली येताना रुंद होत जातात, तशाच. मी हात लावून उभा होतो तेव्हा तुला वाटलं मी थकलो. थकलो नव्हतो, चुण्या बघत होतो.

ती राहुटी ज्याची कबर, तो इंग्रज प्रवासी रिचर्ड बर्टन 1842 साली कंपनीच्या मुंबई फौजेत आला, हे तू सांगितलंस. 1853 मध्ये वेश पालटून मक्केला गेला आणि 1858 मध्ये आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरापर्यंत पोचला, तेही. पण त्याला 25 हून जास्त भाषा येत होत्या आणि त्यांत मराठी होती, फौजेत असताना मराठीची परीक्षा तो पास झाला होता, हे ऐकल्यावर मला राहवलं नाही. तू शिडीवर होतीस तेव्हा मी त्या दगडाला हात लावून म्हटलं, "राम राम साहेब, सोलापूरहून आलोय." इतक्या वर्षांत त्याच्याशी कुणी मराठीत बोललं असेल का?

आईला मात्र बर्टनचं फारसं काही वाटलं नाही. तिचा सगळा जीव त्याच्या बायकोत, इझाबेलमध्ये. तो 1890 च्या ऑक्टोबरात युरोपातल्या त्रिएस्त शहरात वारला, बाईने त्याला इंग्लंडला आणलं आणि 1891 च्या जूनमध्ये इथे ठेवलं. दोघांनी एका राहुटीत शेजारी शेजारी निजावं ही त्याची इच्छा होती, म्हणून तिने दगडाची राहुटी उभारली. दारावर क्रूस लावला, त्याच भिंतीवर चंद्रकोरी आणि तारेही कोरून घेतले. ती स्वतः 1896 मध्ये गेली. आई विचारते, "मधली पाच-सहा वर्षं ती एकटी काय करत असेल?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याचं शेवटचं हस्तलिखित तिने जाळलं, याचा तुला राग आला होता. मलाही वाईट वाटतं. लिहिलेला कागद जाळणं मला पटत नाही, मग कारण काही असो. पण ती चुण्या असलेली भिंत बघितल्यावर तिच्यावर रागावताही येत नाही.

आपल्याकडे सिद्धेश्वराच्या देवळात समाधीपुढे बसलं की तळ्यावरचा वारा येतो. मॉर्टलेकला मागून रेल्वे जात होती. मला ते आवडलं. आयुष्यभर फिरलेल्या माणसाला गाडीचा आवाज बरा वाटेल.

आता एक काम कर. माझा गुडघा त्या लोखंडी शिडीवर चढला नाही. मागच्या काचेतून दोघांच्या शवपेट्या तू बघितल्यास आणि छतापासून लोंबणाऱ्या उंटाच्या घंटाही, पण सांगितलंस अगदी घाईत. दार उघडलं की त्या किणकिणाव्यात म्हणून बाईने बांधल्या होत्या. आता ते दार कायमचं बंद केलंय. त्या कशाला बांधल्यात, दोरीला की तारेला, एका ओळीत आहेत की घोसाने, ते पुन्हा जाऊन नीट बघ आणि सविस्तर लिही. आणि आईसाठी इझाबेलच्या पेटीचा फोटो काढ. काचेवर उजेड येतो, तेव्हा ढगाळ दिवशी जा.

तुझे,
बाबा