सेल बदलले की अक्षांश-रेखांशाची पद्धत बदलणाऱ्या जीपीएस यंत्राबाबत तक्रार

सोलापूर
दिनांक : १२ मे २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : अपडेटनंतर यंत्रातील सेटिंग पुसली जाणे व त्यामुळे मुलांच्या जिवावर बेतलेला प्रसंग

महोदय,

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी आपले हातात धरायचे जीपीएस यंत्र २४,५०० रुपयांना घेतले. पावतीची प्रत सोबत आहे, यंत्राचा अनुक्रमांक तिच्यावरच आहे. मार्चमध्ये आपण दिलेले अपडेट मी त्यात भरले. तेव्हापासून सेल काही वेळ बाहेर राहिले की यंत्र मी केलेली सगळी सेटिंग विसरते. फोनवर आपल्या प्रतिनिधीला ही किरकोळ गोष्ट वाटली. म्हणून २० एप्रिलला काय झाले ते नीट लिहिते. कृपया शेवटपर्यंत वाचावे.

मी इथल्या एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. अक्षांश-रेखांश मुले दरवर्षी पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. म्हणून चार वर्षांपासून आठवी-नववीच्या मुलांना मी अधूनमधून रविवारी माळावर नेते आणि जिओकॅशिंग खेळायला लावते. मुले त्याला ‘डबा हुडकणे’ म्हणतात. मी आधी जाऊन एक डबा लपवते, जागेचे अक्षांश-रेखांश चिठ्ठीवर लिहून देते, आणि मुले ते यंत्रात भरून डब्यापर्यंत पोचतात. डब्यात वही-पेन्सिल असते, गोट्या, शंख, परदेशी नाणे असे काहीबाही असते. वहीत नाव लिहायचे, एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची. ज्या मुलाला वर्गात अक्षांश कोणता आणि रेखांश कोणता हे सांगता येत नाही, तो इथे ‘बाई, अक्षांश जुळला, आता फक्त पूर्वेला सरकायचं’ असे ओरडतो. मी हे यंत्र घेतले ते एवढ्यासाठीच.

या खेळाचा जन्मही मी मुलांना सांगते. जीपीएसच्या नागरी संदेशात अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे, ती २ मे २००० रोजी बंद झाली. शंभर-शंभर मीटर हुकणारी यंत्रे एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. यंदा ३ मे रोजी त्याला पंचवीस वर्षे पूर्ण होत होती. त्या दिवशी चाळीस मुलांना घेऊन मोठा खेळ करायचे आम्ही ठरवले होते. २० एप्रिल ही त्याची तालीम.

त्या रविवारी सकाळी सव्वासहाला आम्ही तुळजापूर रस्त्याने हिप्परगा तलावापलीकडच्या माळावर पोचलो. एप्रिलमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो, दहानंतर माळावर मुलांना थांबवता येत नाही, त्यामुळे सगळे नऊच्या आत उरकायचे होते. पाच-पाच मुलांचे तीन गट, प्रत्येक गटासोबत एक पालक. दोन गटांकडे माझ्या ट्रेकिंगच्या मित्रमंडळींची जुनी यंत्रे होती. तीही आपल्याच कंपनीची, पण हे अपडेट नसलेली. तिसऱ्या गटाकडे माझे नवे यंत्र. त्याचे सेल मी रात्री चार्जिंगला लावले होते आणि सकाळी निघताना घातले.

चिठ्ठीवर अक्षांशाच्या मिनिटांपुढचे दशांश आकडे २५० होते आणि रेखांशाच्या मिनिटांपुढचे ४१०. गटातल्या एका मुलीने ते एकेक करून भरले. मी शेजारी उभी राहून चिठ्ठीशी ताडून पाहिले. आकडा न् आकडा बरोबर होता. गट निघाला आणि थोड्या वेळात उंचवट्यापलीकडे दिसेनासा झाला.

दोन गटांना त्यांचे डबे अर्ध्या तासात सापडले. तिसरा गट आला नाही. बाण दाखवेल तसे ते डब्याच्या जागेवरून पुढे गेले आणि घाणेरी-बाभळीच्या झाडोऱ्यात शिरले. यंत्रावर अजून ४० मीटर दिसत होते. पुढचा मुलगा पडद्यावर नजर लावूनच चालला होता. तेवढ्यात मेंढरे राखणाऱ्या एका आजोबांनी मागून आरोळी दिली, “ए पोरांनो, थांबा तिथंच! म्होरं हीर हाय!”

झुडपांच्या आड कठडा नसलेली जुनी विहीर होती. तो मुलगा तिच्यापासून दहा पावलांवर होता.

सोबतच्या वडिलांनी सगळ्यांना मागे घेतले. कोणाला खरचटलेही नाही. पण ते आजोबा तिथे असणे हा निव्वळ योगायोग होता. डबा ठेवते ती जागा आणि तिथवरची वाट मी दर वेळी आदल्या दिवशी स्वतः चालून बघते, विहिरी, खाणी, मधमाश्यांची पोळी, सगळे. त्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरवरच्या झाडोऱ्यात असलेली विहीर बघण्याचे मला काही कारणच नव्हते.

आता दोष कुठे आहे ते सांगते, कारण तो आपल्या तपासणीत सापडलेला नाही.

जिओकॅशिंगमध्ये जागा अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात, म्हणजे मिनिटांनंतर टिंब आणि पुढे तीन आकडे. माझे यंत्र त्याच पद्धतीवर लावलेले होते. रात्रभर सेल बाहेर राहिले आणि ते अंश-मिनिटे-सेकंद या पद्धतीवर गेले. या दोन्ही पद्धतींत मिनिटांनंतर तीनच आकडे भरायचे असतात. त्यामुळे २५० हे आकडे भरले की एका पद्धतीत ते ०.२५० मिनिट, म्हणजे १५ सेकंद होतात, आणि दुसऱ्या पद्धतीत २५.० सेकंद. अक्षांशाचा एक सेकंद जमिनीवर साधारण ३१ मीटर. म्हणजे दहा सेकंदांत गट तीनशे मीटरहून अधिक उत्तरेला. रेखांशाचे ४१० म्हणजे खरे २४.६ सेकंद, यंत्राने धरले ४१.०. ते झाले ४८० मीटर पूर्वेला. दोन्ही मिळून डब्यापासून सुमारे ५७० मीटर, ईशान्येला. भरलेले आकडे सेकंद धरले की ते नेहमी जास्तच होतात, म्हणून आपल्याकडे उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश असल्याने ही चूक माणसाला दर वेळी ईशान्येलाच नेते. मी नंतर तीन ठिकाणी करून पाहिले, तिन्ही वेळा ईशान्य.

यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी की चिठ्ठीवर २५० ऐवजी ८५० असते, तर ८५ सेकंद असू शकत नाहीत म्हणून यंत्राने ते नाकारले असते आणि गोष्ट जागीच उघडी पडली असती. पहिले दोन आकडे साठाच्या आत असले की यंत्र निमूट स्वीकारते. पडद्यावर फरक एवढाच, की टिंब दोन घरे सरकते आणि एक बारीक खूण येते. तेरा वर्षांच्या मुलीने सकाळच्या घाईत ती ओळखावी ही अपेक्षा मला मान्य नाही. मलाही ती दिसली नाही, कारण मी आकडे बघत होते आणि आकडे बरोबर होते.

दुसरे सेलच्या प्रकाराचे सेटिंग. तेही पुसले जाते आणि यंत्र साध्या अल्कलाइन सेलवर येते. मी चार्जिंगचे सेल वापरते, त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो, त्यामुळे भरलेले सेलही यंत्राला रिकामे होत आल्यासारखे वाटतात. मग माणूस ते काढून चार्जिंगला लावतो आणि सेटिंग पुन्हा पुसले जाते. मार्चपासून मी सेल खराब झाले समजून दोन नवे जोड घेतले. त्यांचा खर्च मी मागत नाही, पण हा प्रकार तुमच्या माहितीत असावा.

२४ एप्रिलला मी यंत्र आपल्या सेवा केंद्राकडे पाठवले. ते ६ मे रोजी परत आले, सोबत ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी. मधल्या काळात ३ मेचा खेळ मी रद्द केला. तपासणाऱ्या तंत्रज्ञांशी फोनवर बोलले तेव्हा कळले की त्यांनी सेल काढून लगेच परत घातले होते. तसे केले तर सेटिंग टिकते. मी घरी वीस वेळा करून पाहिले. अर्ध्या मिनिटाच्या आत घातले तर दहाही वेळा टिकले, पाच मिनिटांनी घातले तर दहातून एकदाही टिकले नाही. प्रत्येक वेळेची नोंद आणि पडद्याचे फोटो सोबत जोडले आहेत. आपल्या तंत्रज्ञांनी पाच मिनिटे थांबून पाहावे, एवढेच माझे म्हणणे.

आपल्या प्रतिनिधीने मला दोन सल्ले दिले. पहिला, दर वेळी सेटिंग तपासा. आता मी तपासतेच. पण ते पान उघडायला पाच वेळा बटण दाबावे लागते आणि आकडे भरायच्या पानावर पद्धतीचे नाव कुठेच लिहिलेले नाही. दुसरा सल्ला होता, ‘मॅडम, एवढं असेल तर मोबाइल वापरा.’ हे ऐकून मला वाईट वाटले. शाळेच्या उपक्रमात मुलांच्या हाती मोबाइल द्यायचा नाही असा आमचा नियम आहे. शिवाय माळावरच्या उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही, तो तापून बंद पडतो, आणि त्याचे सेल खिशातून काढून बदलता येत नाहीत. आपल्या यंत्राचा पडदा भर उन्हात उलट अधिक स्पष्ट दिसतो. आपले यंत्र या सगळ्यात उजवे आहे म्हणूनच मी दोन वर्षे पैसे बाजूला टाकून ते घेतले. विकणाऱ्यानेच मोबाइल वापरा म्हणावे, हे मला पटले नाही.

माझी पहिली मागणी पैशांची नाही. हे अपडेट भरलेल्या प्रत्येक ग्राहकाला आठ दिवसांच्या आत कळवावे की सेल बदलल्यावर अक्षांश-रेखांशाची पद्धत तपासूनच निघा. जंगलात, घाटात, किल्ल्यांवर जाणारे लोक हे यंत्र वापरतात, आणि अर्धा किलोमीटर हुकल्यावर सह्याद्रीत काय होऊ शकते हे मी आपल्याला सांगायला नको. दुरुस्त केलेले अपडेट येईपर्यंत जुने सॉफ्टवेअर परत घालण्याची सोय द्यावी. आकडे भरायच्या पानावर पद्धतीचे नाव मोठ्या अक्षरांत दिसावे. आणि माझे यंत्र पंधरा दिवसांत नीट करून द्यावे, जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी.

या मुदतीत लेखी उत्तर आले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तक्रारदार राहतो तिथेच दाद मागता येते, आणि एवढ्या किमतीच्या वस्तूसाठी शुल्कही लागत नाही. सदोष वस्तूमुळे आणि पुरेशी सूचना न दिल्यामुळे होणाऱ्या हानीची जबाबदारी उत्पादकावर येते हेही त्याच कायद्यात आहे. तिथवर जाण्याची मला हौस नाही.

जूनमध्ये शाळा उघडली की मुले पहिला प्रश्न विचारणार, ‘बाई, डबा कधी?’ मेंढरे राखणाऱ्या आजोबांना आम्ही त्या दिवशी कडक भाकरी आणि शेंगा चटणी दिली, तेव्हा त्यांनी मला विचारले, “बाई, ह्या डबीत हीर दिसत न्हाई व्हय?” विहिरी तुमच्या नकाशात नाहीत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी भरलेली जागा मात्र तीच राहिली पाहिजे.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक ग्राहक व भूगोल शिक्षिका,
सोलापूर