आधी एका कानाचा दडा ओळखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीतला नाकामागच्या कॅन्सरवरचा लेख वाचला. नाकातून दुर्बीण घालून ऑपरेशनने गाठ काढता येते, मग रेडिएशन लागत नाही, असं त्यात म्हटलं आहे. आज सकाळी सात वाजायच्या आत सिन्नरहून नणंदेचा फोन. "वहिनी, दादाला पस्तीस दिवस उगाच लाईट, म्हणजे रेडिएशन, दिली म्हणायची. दुर्बिणीने काढता आलं असतं की!" ह्यांना उजव्या कानाने नीट ऐकू येत नाही, म्हणून घरातला फोन स्पीकरवरच असतो. ह्यांनी सगळं ऐकलं. हातातला चहा तसाच ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. 'आता रेडिएशन नको' या तुमच्या मथळ्याने घरात हे झालं, म्हणून लिहिते आहे.

'पहिल्या अवस्थेत' हे शब्द लेखात आहेत, पण पार शेवटाकडे. पहिली अवस्था म्हणजे गाठ नाकामागच्या पोकळीतच आहे, मानेत काही उतरलेलं नाही. हा कॅन्सर मानेतल्या गाठींत फार लवकर उतरतो, म्हणून रेडिएशन मानेलाही देतात. दुर्बिणीने नाकामागचं निघेल, पण मानेचं काय, हे लेखात विचारलेलंच नाही. आणि ऑपरेशननंतर ८५.८ टक्के विरुद्ध रेडिएशननंतर ६८ टक्के जगले, हे आकडे मोठ्या चौकटीत दिलेत, ते दक्षिण चीनमधल्या २०० रुग्णांचे, २०२१ साली छापून आलेले. ते रुग्ण कोण? एकदा रेडिएशन घेऊन झाल्यावर त्याच जागी कॅन्सर परत आलेले. तिथे पुन्हा रेडिएशन देण्यापेक्षा ऑपरेशन सरस ठरलं आणि तीन वर्षांनी जास्त माणसं जगली. चांगलीच गोष्ट आहे. पण ती पहिल्यांदा आजार झालेल्याला लागू करून टाकायची? पहिल्या अवस्थेत नुसतं ऑपरेशन केल्याचा ग्वांगझूच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये मांडलेला अनुभव जेमतेम दहा रुग्णांचा, तेही निवडून घेतलेले. त्याच अवस्थेत रेडिएशन घेतलेले शंभरातले नव्वदहून जास्त पाच वर्षांनीही हयात असतात, हे वाक्य लेखात कुठेच नाही.

मला ऑपरेशनचा राग नाही. रेडिएशन काय असतं ते मी सात आठवडे पाहिलं आहे. जाळीचं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात, त्याचा साचा होतो आणि रोज त्या साच्याखाली डोकं टेबलाला पक्कं करतात. सिटिंग संपवून रिक्षात बसलो की ह्यांच्या कपाळावर त्या जाळीची नक्षी उमटलेली असे, ती द्वारकेचा सिग्नल आला तरी गेलेली नसे. आज इतक्या वर्षांनीही लाळ कमीच. बाजरीची भाकरी ताकात कुस्करल्याशिवाय उतरत नाही, रात्री उशाशी तांब्या लागतो, थायरॉईडची गोळी कायमची. हे टाळता येणार असेल तर कोणाला नको आहे? खरोखर पहिल्या अवस्थेत सापडलेल्या माणसाने डॉक्टरांना ऑपरेशनबद्दल जरूर विचारावं. पण ही जागा कवटीच्या तळाशी, मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी बाजूलाच, आणि नागालँडकडे दिसतो तेवढा हा आजार आपल्याकडे दिसत नाही. या जागेच्या ऑपरेशनला हात बसलेला सर्जन कुठे शोधायचा, हे तरी लिहायचं होतं.

मुळात पहिल्या अवस्थेत सापडतो कोण? २०१८ च्या दिवाळीनंतर ह्यांच्या उजव्या कानाला दडा बसला. एका दवाखान्यात मळ काढला, थेंब दिले. दुसरीकडे सर्दीच्या गोळ्या. तिसरीकडे "वय झालं काका" म्हणून ऐकण्याचं मशीन सुचवलं. आठ महिने गेले. मग एका सकाळी दाढी करताना मानेत सुपारीएवढी गाठ हाताला लागली. त्यानंतर भेटलेल्या डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली आणि तिथल्या तिथे सांगितलं, मागे काहीतरी आहे, तुकडा काढून तपासू. कानातून घशाकडे येणारी नळी जिथे उघडते, त्याच्या लगतच हा कॅन्सर बहुधा सुरू होतो. नळीचं तोंड दबलं की पडद्यामागे पाणी साठतं आणि कान बंद वाटतो. ती दोन-तीन मिनिटांची तपासणी आठ महिने कोणाला सुचली नाही. मानेत उतरल्यामुळे आमची दुसरी अवस्था निघाली. तुमच्या लेखातल्या ऑपरेशनचा प्रश्नच आमच्यापुढे कधी आला नाही. नणंदेला मी हेच अर्धा तास समजावत होते.

लेखाला लागूनच एका हॉस्पिटलची जाहिरात आणि फोन नंबर होता, तेही बरं दिसत नाही. शिवाय आरोग्याचं पान निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत का छापता? साठीपुढच्या माणसांना भिंग घेऊन वाचावं लागतं.

दुरुस्ती छापणार असाल तर त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत छापा, श्रद्धांजलीच्या जाहिरातींखाली नको. त्यात एवढं घ्या: मोठ्या माणसाच्या एकाच कानाला दडा बसला आणि काही आठवड्यांत सुटला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून नाकामागे दुर्बिणीने बघून घ्यावं.

ह्यांनी ते पान घडी करून फाईलमध्ये ठेवलं आहे. पुढच्या महिन्याच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवून विचारणार आहेत, माझं चुकलं का.

आपली,
एक वाचक, सिडको, नाशिक
(कृपया नाव छापू नये)