घुमटाकडे मान वळली म्हणजे कान तपासले नव्हेत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

चवथीच्या आरतीत घुमट (मातीचे तालवाद्य) वाजले की बाळ मान वळवते आणि घरची मंडळी निर्धास्त होतात. हा भरवसा घातक आहे. घुमटाचा नाद खर्जातला आणि दणदणीत, तर बोलण्यातला 'स' उंच पट्टीचा आणि हलका. वरच्या पट्टीतले ऐकू न येणारे मूल घुमटाकडे हमखास बघते, पण 'मासा' त्याला 'माआ' असाच ऐकू येतो.

नुकसान कानापुरते राहत नाही. आवाज झाल्यावर मेंदूच्या श्रवणकेंद्राचा पहिला ठळक प्रतिसाद नवजात बाळात सुमारे 300 मिलिसेकंदांनी उमटतो, तिसऱ्या वर्षी सुमारे 125 आणि मोठेपणी 60च्या आसपास. हा वेग ऐकून ऐकूनच येतो. वर्षाच्या आत मेंदू घरच्या भाषेचे ध्वनी पक्के करू लागतो. 'त' आणि 'ट' यांतला फरक इंग्रजी घरातल्या बाळांनाही सहा-आठ महिन्यांपर्यंत कळतो, पण वर्षाचे होईपर्यंत मावळत जातो. जन्मतः बहिऱ्या मुलाला साडेतीन वर्षांच्या आत कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचे श्रवणयंत्र) बसवले तर श्रवणकेंद्राचा हा प्रतिसाद बहुधा काही महिन्यांतच वयाला साजेसा होतो. सात वर्षांनंतर क्वचितच.

म्हणून जन्मानंतर महिनाभरात तपासणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हायला हवेत. ओएई या चाचणीत (आवाज सोडून आतल्या कानातून परत येणारा बारीक ध्वनी टिपतात) दूध पिऊन झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी बसवतात. काही मिनिटांचे काम, दुखत नाही. पहिल्या दिवशी कानात चिकट द्रव असल्याने अहवालावर अनेकदा 'रेफर', म्हणजे 'पुन्हा तपासा', असे येते. ते बहिरेपण नव्हे, पण फेरतपासणी हवीच, आणि नेमकी तीच राहून जाते. ओएई फक्त आतल्या कानाचे काम दाखवते, नसेचे नाही. तीव्र कावीळ झालेल्या किंवा अतिदक्षता कक्षात पाच दिवसांहून अधिक राहिलेल्या बाळाची कपाळाला व कानामागे इलेक्ट्रोड लावून एबीआर चाचणी, म्हणजे आवाजाला नसेचा प्रतिसाद पाहणारी तपासणी, करावीच.

जन्माची तपासणी ठीक आली तरी पावसाळ्यातल्या सर्दीने पडद्यामागे पाणी साचून ऐकणे मंदावू शकते. हाक दोनदा मारावी लागली तर कान दाखवावेत.

सहाव्या आठवड्याच्या लसीला बाळ येतेच. तेव्हा प्रत्येक आरोग्य केंद्राने श्रवण अहवाल मागावा, नसेल तर तपासणीची तारीख लसीकरण कार्डावर तिथेच लिहून द्यावी.

आपले,
बालश्रवण क्षेत्रात काम करणारे, फोंडा