चितारआळीतल्या काकांना, पाइपाबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी आंबे-केळी घ्यायला येणाऱ्यांना तुमचं हे दुसरं अंग ठाऊक नसतं.

आजोबा बोटीवर होते. त्यांचा तंबाखू ओढायचा पाइप वेंगुर्ल्याच्या घरात माळ्यावरच्या ट्रंकेत मिळाला, तेव्हा लाकडावर बुरशी होती, नळी शेवाळी पडली होती आणि वाटीत काजळीचा इतका थर की करंगळी शिरेना. शहरातल्या एका दुकानदाराने 'व्हार्निश मारून नवाकोरा करून देतो' म्हटलं होतं. तुम्ही पाइप हातात घेतलात, हुंगलात आणि म्हणालात, "ह्यो लेथार घालूचो नाय. हातानच करूया." लेथवर, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्रावर, जन्म गेलेला माणूस हे म्हणाला, म्हणून मी निमूट बसलो.

वाटी तुम्ही बोथट चाकूने खरवडलीत, तीही सगळी नाही. मिलिमीटरभर काजळी आत राखलीत, कारण जळत्या तंबाखूपासून लाकडाला तीच वाचवते. मग शिरोड्याचं जाडं मीठ वाटीत काठोकाठ भरलंत. त्यावर ओतायला मी फेणी सुचवली, तेव्हा काकी पदर तोंडाला लावून हसल्या! फेणीत अर्ध्याहून जास्त पाणीच, ते लाकडात मुरणार. शेवटी तुमच्या मुलाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आलं. दांड्यात मात्र मीठ जाऊ दिलं नाहीत, तिथे कापसाची वात. सकाळी मीठ चहाच्या चोथ्यासारखं झालं होतं, आणि माळ्यावरचा तो कुबट वास गेला होता.

नळीचं काम मला सर्वांत आवडलं. ती एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. ऊन-हवा लागली की गंधक वर येतो आणि काळी नळी हिरवट पडते. ओल्या पॉलिश पेपरने, 400 नंबरपासून 2000 पर्यंत, तुम्ही ती घासत होतात आणि पडवीभर फटाक्यांचा वास सुटला होता. दातांचे खळगे मेणबत्तीच्या धगीवर धरून वर आणलेत. एक खळगा खालच्या बाजूला मुद्दाम ठेवलात. आत्या आता अंगठा नेमका तिथेच ठेवते.

लाख लावूया, असं मीच म्हटलं होतं. वाडीची लाख जगात कुठे मिळेल? तुम्ही मान हलवलीत. पाइप पेटला की वाटी तापते, लाख मऊ पडून फुगते. मधमाशीचं मेणही 62-64 अंशांना वितळतं. म्हणून कार्नोबा, ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरचं, 80 अंशांपलीकडे टिकणारं. सुती फडक्याने ते चोळलंत तशा लाकडाच्या रेषा वर आल्या. पाइपाचं लाकूड ब्रायर, ते भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाच्या बुंध्याच्या गाठीतून निघतं, आणि त्या गाठीतल्या रेषा अशा की सागवानाने लाजावं. वाटीखालचा 'सँ-क्लोद' हा छापही तेव्हाच वाचता आला. फ्रान्सच्या जुरा डोंगरातलं हे गाव पाइपाआधीही लाकडाच्या कातकामाचंच, तुमच्या आळीचं सोयरं म्हणा ना.

काठावरचा जळका डाग तुम्ही काढला नाहीत. दुकानदाराने तो पहिल्यांदा घालवला असता. घरात यावरून वाद झाला, मी तुमच्या बाजूने होतो आणि आहे.

पाइप आम्ही कोणी ओढणार नाही. तरी वर्षातून एकदा मेणाचा हात द्यायचा, आणि पावसाळ्यात बंद डब्यात ठेवायचा नाही, हे काकींनी मला दोनदा बजावलंय. मजुरी तुम्ही घेतली नाहीत, त्यावर मी फार ताणलं नाही. पण आयसोप्रोपिल मुलाच्या दुकानातलं होतं. त्याचे पैसे पाकिटात घालतोय, तेवढे त्याला द्या, नाही म्हणू नका.

आपला,
वेंगुर्लेकर