आईच्या गुडघ्यासाठी

ती. आई-बाबांना सा. न.

आई, तू फोनवर "बरं आहे गं" म्हणतेस, पण जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरतेस, हे बाबांनी सांगितलं. म्हणून आज नीट लिहिते.

माझी मान आखडली तेव्हा इथे शांघायमध्ये मी ॲक्युपंक्चर करून घेतलं, म्हणजे अंगावरच्या ठराविक बिंदूंवर बारीक सुया टोचून घ्यायचा चिनी उपचार. ती सुई इंजेक्शनची नसते. पाव मिलिमीटर जाडीची, भरीव, औषधबिषध काही नाही. टोचताना मुंगी चावल्याइतकंच कळतं, मग आत एक जड, बधिर ठणका उठतो. तो उठला का, हे डॉक्टर विचारतात. नाही म्हटलं की सुई चिमटीत धरून हलकेच फिरवतात. त्याआधी तुइना, म्हणजे अंगठ्याने आणि कोपराने दाबून रगडणं. चीनमध्ये कितीतरी अंध माणसं हा व्यवसाय करतात. कुठे दवण्याच्या कुळातल्या पाल्याची कांडी पेटवून शेकही देतात, पण बाबा, तुमच्या दम्याला तो धूर नको.

बाबा, ही विद्या शिकवायला १०२७ साली वांग वेइयी यांनी ब्राँझचे पुतळे घडवून घेतले होते. अंगभर सुई टोचायच्या बिंदूंची भोकं, वरून मेण, आत पाणी. सुई नेमकी पडली तर पाणी यायचं, अशी विद्यार्थ्यांची परीक्षा! आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ मध्ये चीनला आलेले डॉ. बसू पुढे इथे ही विद्या शिकले आणि १९५९ मध्ये त्यांनी ती कोलकात्याला नेली.

आई, ॲक्युपंक्चरने झिजलेला गुडघा भरून येत नाही. मोठ्या चाचण्यांत गुडघेदुखी कमी झालेली दिसली, पण तुलनेसाठी ज्यांना खोट्या सुया, म्हणजे उपचाराचा नुसता देखावा, दिला होता त्यांच्यापेक्षा फरक थोडाच. तरी मला वाटतं, करून बघ. दुखण्याच्या गोळ्या तुझ्या पोटाला सोसत नाहीत. मात्र ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी दिलेला मांडीचा व्यायाम सोडू नकोस, खरा आधार त्याचाच आहे.

महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा २०१५ चा कायदा आहे, तेव्हा नोंदणी असलेल्यांकडेच जा. सुया नव्या हव्यात, पाकीट तुझ्यासमोर फोडायला सांग. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे आधी सांग. संकोच करू नकोस. आणि बाबा, पहिल्या दिवशी तुम्ही सोबत जा, तिथे काय काय विचारलं ते मला रात्री फोनवर सांगा.

तुमची,
मनू